वसंतकाकांनी केलेलं कौतुक

वसंतकाका गेल्याचा मेसेज आला आणि मी लगेच कामाला लागले. हॉल, फुलं, खुर्च्या, बोलणाऱ्यांना प्रत्येकी तीन मिनिटं. इथे अमेरिकेत, श्रूजबरीच्या आमच्या मराठी मंडळाची मी बरीच वर्षं अध्यक्ष आहे. रडण्याआधी मला व्यवस्था सुचते.

काका इथल्या कॉलेजात रोमचा इतिहास शिकवायचे. त्यांनी ड्रायव्हिंग सोडल्यावर कार्यक्रमांना मीच त्यांना नेत असे. एकदा वाटेत म्हणाले, "सम्राटाच्या राज्यात इतिहास लिहिणारे फार सभ्य, बरं का. शिव्या देत नसत. सिनेटने एकमताने आभार मानले, असं लिहायचे. आणि पुढच्याच ओळीत, त्या दिवशी दाराशी सैनिक उभे होते... एवढंच."

"मग सम्राटाला कळायचं नाही?"

"कळलं असं दाखवलं, तर सैनिक होते हे कबूल करावं लागेल ना!"

"काका, सीटबेल्ट," मी म्हटलं. डोक्यात त्या दिवशीची वार्षिक सभा होती. नवी समिती मी दरवर्षी घरीच ठरवून नेते, चहाच्या आधी नावं वाचते, 'सर्वानुमते' म्हणते आणि टाळ्या पडतात. तशाच तेव्हाही पडल्या. मग काका आभार मानायला उठले. "रोममध्ये निवडणुकीला केवढा गोंधळ व्हायचा! मेघनाने आपल्याला तो त्रास दिला नाही. कुणाला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही." हॉल हसला. मी सगळ्यात जास्त.

शोकसभेत मी तेच शब्द वाचून दाखवले. काकांना आमच्या कामाचं किती कौतुक होतं, हे सांगायला! मागे कुणीतरी हसू दाबलं. नंतर त्यांची नात रिया हळूच म्हणाली, "मेघनामावशी, आजोबा वॉज रोस्टिंग यू. तुझी खेचत होते ते." तिच्या आजीने, शालिनीकाकूंनी, तिला दटावलं, मग माझा हात धरला. "अगं, घरी येऊन म्हणाले होते, पोरगी हुशार आहे, कळेल तिला, फोन करेल. मग कितीतरी दिवस फोन वाजला की विचारायचे, मेघनाचा का?"

फोन मी केला होता... दिवाळीच्या कार्यक्रमाला किती वाजता न्यायला येऊ, हे विचारायला.

गेल्या आठवड्यात मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, यंदा मतदान घेऊ, ज्यांना उभं राहायचंय त्यांनी नावं द्या. पहिलंच उत्तर आलं, "ताई, तुम्ही असताना निवडणूक कशाला?" आधी मला बरं वाटलं. मग कान तापले. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. कौतुक होतं की टोमणा, कशा सुरात लिहिलं होतं... आणि हे विचारायला मला एकच माणूस आठवला.