फ्रँकफर्टहून येणाऱ्याचा भाकरतुकडा

फ्रँकफर्ट ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आहे आणि विमानाला आठ तासांच्या आसपास लागतात. मुंबईपासून तासगावजवळच्या आमच्या मळ्यापर्यंत मोटारीने जवळपास तेवढाच वेळ जातो. आईला ही माहिती मीच दिली होती. तिने पहिला भाग तेवढा लक्षात ठेवला.

धाकटा भाऊ तीन वर्षांनी येत होता. मी सांगलीत, विश्रामबागेत राहते, वर्तमानपत्रात काम करते आणि दर रविवारी एसटीने आईकडे जाते. त्या सकाळी माझी गाडी वाटेत बंद पडली. दुसऱ्या गाडीत उभी राहून मी पोचले.

"आलीस? ते इमान कुठवर आलंय बघ," आई म्हणाली.

मोबाइलवर विमानाचे पिवळे चिन्ह समुद्रावरून सरकत होते. आई चष्मा लावून पाहत राहिली. माझ्या एसटीचे काय झाले ते सांगायचे राहून गेले.

विमान मुंबईत उतरले तशी तिने चूल पेटवली.

"अगं, सगळा रस्ता राहिलाय अजून."

"ऱ्हाऊ दे. आपल्या मुलखात आला म्हंजे आलाच."

लांबून आलेल्याला आमच्याकडे उंबऱ्यावरच थांबवतात. त्याच्यावरून भाकरीचा तुकडा उतरून टाकतात, पायावर पाणी घालतात, मग आत घेतात. आईने भाकऱ्या भाजून टोपलीत ठेवल्या, तशी त्यातली एक मी जेवायला मागितली.

"पयली त्याची. थांब की घटकाभर. तू काय परमुलखातनं आलीस व्हय?"

भाऊ पुण्यात अडकला. दुपार टळल्यावर साताऱ्याहून त्याचा फोन आला, जेवायला थांबलो आहे म्हणून.

"पोटभर जेव रं," आई म्हणाली. टोपलीतली भाकरी तोवर पापडासारखी वाळली होती.

गाडी दाराशी आली तेव्हा दिवस मावळला होता. आईचे गुडघे आखडले होते. तिने तुकडा आणि तांब्या माझ्या हातात दिला.

"तूच उतर. कुणाची नजर लागली आसंल वाटंत."

कुणाची, हे मला ठाऊक होते; सकाळपासून त्या भाकरीवर माझीच होती. मी तुकडा त्याच्यावरून तीनदा फिरवला.

"आक्का, वाळलीस गं," तो म्हणाला.

"जेवायची आहे अजून."

त्याला चेष्टा वाटली. तो हसला.

"लांब टाक गं," आई म्हणाली. मी तुकडा द्राक्षबागेच्या तारेपलीकडे फेकला.

तो परत निघाला त्या रविवारी मी मळ्यात गेले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. आई आत बेदाणे निवडत होती.

"पावण्यागत काय उभारलीस?"

"भाकरतुकडा येतोय का बघते."

"रोजच्या वाटंनं येणारीला कोण उतरतंय? ये आत. आन् त्याचं इमान पोचलं का बघ."

मी चप्पल काढली, मोबाइल उघडला. विमान अजून समुद्रावरच होते. मी मोबाइल पालथा ठेवला.

"आधी वाढ," मी म्हणाले, "मग सांगते."