बिनखांडीचे चर

माणसाचा आवाज उचलायला मला एक दिवस पुरायचा. त्याचा खोकला, त्याचं थुंकणं, वाक्य संपताना खाली घसरणारा सूर, सगळं. पालघरला आमची पिठाची गिरणी होती. दळण होईपर्यंत तिथे बसून राहणारी माणसं हीच माझी शाळा. मासे विकून परतणाऱ्या बाया, गवताचे भारे टाकून आलेले डोंगरातले बापे, बोईसरला कामाला आलेले घाटावरचे कामगार. घरी जेवताना मी त्या सगळ्यांना पंगतीला बसवायचो. वडील म्हणायचे, "गाढवा, भाजी तरी स्वतःच्या आवाजात माग!"

खऱ्या शाळेतून मॅट्रिक होऊन मी कसाबसा बाहेर पडलो. हेडमास्तरांच्या आवाजात ओरडून अख्खा वर्ग घरी पाठवला होता, त्या छड्यांचे वळ मात्र मॅट्रिकच्या मार्कांपेक्षा ठळक उमटले.

नोकरी लागली ती याच गुणावर. तारापूरला विजेचं मोठं काम चाललं होतं, ती वर्षं. पूर्वेकडच्या डोंगरांवर त्याआधीच कुऱ्हाड फिरून गेली होती. लाकूड गेलं, उरलंसुरलं कोळशाच्या भट्टीत गेलं. मग दर पावसाळ्यात डोंगराची माती ओढ्यात आणि ओढ्यातले दगडगोटे खालच्या भातखाचरांत. ते थांबवायला डोंगराला आडवे चर खणायचे आणि चरांच्या कडेने रोपं लावायची, असं काम निघालं. त्या कामावरचे साहेब सोलापूरकडचे. त्यांना डोंगरातली बोली कळेना, डोंगरवाल्यांना साहेब कळेनात. मधे दुभाषा म्हणून मी.

साहेब माणूस चांगला. लहानपणी त्यांची आई पाण्यासाठी दोन कोस चालायची, त्यामुळे पाणी वाया गेलेलं त्यांना बघवायचंच नाही. तांब्यात उरलेला घोटसुद्धा रोपाला घालायचे. चर त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून आखले. एकाखाली एक, प्रत्येक अगदी समपातळीत, दोन्ही तोंडं बंद. "जेवढं पडंल तेवढं हितंच मुरलं पाहिजे बघ," म्हणायचे. त्यांची पाठ वळली की मी तेच वाक्य, चष्मा सावरत, पोट पुढे काढून म्हणायचो. मजूर फावडी टाकून हसायचे.

मजूर म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरचीच माणसं. सात घरांचा पाडा. त्यांचा म्होरक्या एक म्हातारा. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे बोलताना शिट्टी वाजायची. वाक्याआधी "हंऽऽ" करून बिडीचा एक झुरका, मग वाक्य, मग पिचकन थुंकणं. माझ्यासारख्याला मेजवानीच! दुपारच्या भाकरीला मी त्याचीच नक्कल त्याला करून दाखवायचो. तो हसून हसून खोकायचा. म्हणायचा, "पोरा, मी मेलो तं माझे बायकोला आवाज तू दे. तिला कळायचा नाय."

चर संपत आले तेव्हा एक दिवस तो भाकर न खाता माझ्याजवळ येऊन बसला. त्याने काठीने मातीत आडव्या रेघा ओढल्या. हे चर.

"हंऽऽ. सायबाला सांग. आमी भाताचे बांधाला खांड ठेवतो. जास्तीचा पानी तिथून जातो. नाय ठेवली तं बांध फुटतो. मंग चराला खांड कशी नाय? या डोंगराला वर माती हाय, खाली कातळ हाय. पानी मुरल, कातळावर जाल, तिथं थांबल. डोंगूर जड होल. जड झाला का बसल." मग थुंकला आणि रेघांच्या खाली काठी टोचली. "खाली आमी हाव."

बाजूला कातळाची घळ होती. प्रत्येक चराला त्या बाजूने खांड दिली की पाणी घळीतून उतरून जाईल, एवढंच त्याचं म्हणणं. "आमीच पाडतो खांडी. सायबानं हो बोलायला पायजे. त्याचं काम हाय, आमी कसा हात लावनार?"

"सांगतो," मी म्हणालो.

संध्याकाळी साहेबांच्या तंबूत बोईसरच्या बांधकामावरचे दोघे पाहुणे आले होते. चहा झाला. साहेब मला म्हणाले, "लेका, यांना तुझा म्हातारा करून दाखव की!"

मी दाखवला. उकिडवा बसलो, बोटांत काडी धरली, हंऽऽ केलं आणि त्याचा निरोप पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सांगितला. बांध, खांड, कातळ, जड झाला का बसल. एक शब्द गाळला नाही, एक शिट्टी चुकवली नाही. "खाली आमी हाव" म्हणून पिचकन थुंकलो, तेव्हा एका पाहुण्याचा चहा नाकातून बाहेर आला. साहेबांनी डोळे पुसले. "त्याला म्हणावं, सोलापूरला ये. तिथं पाणी सोडून दे म्हणून दाखव, लोक मारतील!"

पुन्हा हशा. त्या हशात मी इतका खूश होतो, की साहेब, हे त्याने खरंच सांगितलंय हो, हे एक वाक्य स्वतःच्या आवाजात बोलायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणतोय, पण तसंही नाही. ते बोललो असतो तर हसू थांबलं असतं.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने विचारलं, "सांगलंस?"

"सांगितलं."

"काय बोलला?"

"बघतो म्हणाले."

तो खूश झाला. हातातलं फावडं खांद्यावर टाकून निघून गेला. साहेब बघणार म्हणजे साहेब येणार, खुणा करून देणार, मग खांडी पडणार.

पावसाळ्यात चर काठोकाठ भरले. साहेब छत्री घेऊन खास बघायला आले. वरपासून खालपर्यंत पाणी नुसतं चमकत होतं, आणि साहेबांचा चेहरा देवळातून आल्यासारखा. म्हाताऱ्याने घोंगडीतून मला कोपर मारलं. "इचार ना. खांडीचा इचार." मी साहेबांकडे पाहिलं. त्या चेहऱ्याला काय विचारणार? "पुढच्या फेरीला," मी कुजबुजलो.

मग आठ दिवस पाऊस हटला नाही. मी पालघरला, कोरड्या घरात, ओल्या कावळ्याची नक्कल करत बसलेलो. नवव्या दिवशी सकाळी पाड्यावरचा एक माणूस चिखलाने माखून आमच्या पालघरच्या ऑफिसात आला आणि नुसता हात वरून खाली आणत राहिला.

साहेब आणि मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मधल्या चार चरांसकट डोंगराची एक बाजू खाली उतरली होती. वर उघडा कातळ, धुतल्यासारखा काळा. सातातली तीन घरं दिसत नव्हती. आम्ही लावलेली रोपं मात्र चिखलात उभीच्या उभी होती.

त्या दिवशी पहाटे पाड्याजवळच्या झऱ्याचं पाणी मातीने लाल झालेलं म्हाताऱ्याने पाहिलं होतं. साहेबांची वाट न बघता तो कुदळ घेऊन वर गेला. पहिली खांड अर्धी पाडली आणि डोंगर सुटला. तो वर होता, म्हणून राहिला. खाली घरात त्याची बायको आणि सून होती.

माणसं हातांनी चिखल उपसत होती. साहेब माझ्याकडे वळले. "कुणी काही बोललं कसं नाही रे? एवढी जुनी माणसं इथली. एकानं तरी सांगायचं होतं."

"सांगितलं होतं, साहेब," मी म्हणालो. "मी तुम्हाला करून दाखवलं होतं. तंबूत."

साहेबांना आठवलं. कधी आठवलं ते मला चेहऱ्यावर दिसलं.

म्हातारा मागेच उभा होता. "करून दाखवलं?" तो म्हणाला. "काय करून दाखवलंस? मला दाखव."

मी नको म्हणून मान हलवली. तो हलला नाही. मग मी बोलू लागलो. माझ्या आवाजात सुरुवात केली, पण ती वाक्यं माझ्याकडे त्याच्याच आवाजात होती. दुसऱ्या शब्दाला शिट्टी आली, दाबली तरी आली. बांधाला खांड. कातळावर पाणी. जड झाला का बसल. खाली आमी हाव. तिथे थांबलो. थुंकलो नाही.

त्याने सगळं नीट ऐकलं, मधे मान डोलावत.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "असाच बोललो होतो."

मग त्याने कुदळ उचलली. वरच्या अंगाला तीन चर अजून भरलेले होते, आणि त्यांच्या खाली चार घरं. तो चढायला लागला. साहेबांनी बूट काढले, फावडं घेतलं आणि मागे गेले. मीही गेलो. पहिल्या चराशी पोचल्यावर म्हाताऱ्याने कुदळीने घळीच्या बाजूची जागा दाखवली आणि आम्ही खणत राहिलो. त्याचा आवाज मी त्यानंतर कधी काढला नाही.