भिवाजी ड्रायव्हरनं न दिलेली साक्ष

वांकिडीचा भिवाजी ड्रायव्हर युनियनचा सेक्रेटरी होता, आणि आपण मोठे कायद्याचे माणूस म्हणून गावभर मिरवायचा. मिरवू द्या बापड्याला. माणूस वाईट नव्हता. एका दुपारी तेवढा घसरला, आणि त्या घसरण्याची लाज त्याला जन्मभर पुरली.

चौऱ्याहत्तर साली यशवंतरावांच्या सात लॉऱ्यांच्या कंपनीनं उद्धवरावांची पाच लॉऱ्यांची कंपनी विकत घेतली. त्या पाचातल्या दोन मोडीत निघाल्या. लॉऱ्या उरल्या दहा, ड्रायव्हर बारा. मग दोन्हीकडच्यांची मिळून एकच यादी करायचं ठरलं. ज्याची नोकरी जुनी, त्याला कायमची लॉरी. शेवटचे दोघं बदली, म्हणजे कुणी आजारी पडला तर काम, नाहीतर बसा घरी. भिवाजी यशवंतरावांकडचा.

घोळ असा, की उद्धवरावांनी जन्मात कुणाला नेमणुकीचा कागद दिला नव्हता. त्यांची रीतच न्यारी. लॉरीपुढं नारळ फोडायचा, किल्ली हातावर ठेवायची आणि म्हणायचं, "आजपासून गाडी तुझी." झाली नेमणूक! आता यादीला काय नारळाची करवंटी जोडायची?

तोड भिवाजीनंच काढली. "कागद नसंल तं साक्ष चालंल," तो ऐटीत म्हणाला, "पन साक्षीदार दुसऱ्या कंपनीचा पायजे. आपल्या-आपल्यात कोनी बी कोनाचं खरं करते. ज्याले साक्षीदार नाही, त्याची नोकरी कंपनी विकल्याच्या दिवसापासून धरा." काय डोकं आहे, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. भिवाजीची छाती फुगली. घरी येऊन त्यानं यादी मांडली, तेव्हा मात्र त्याच्या पायाखालची वाळू सरकली.

देवाजी! उद्धवरावांचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. सत्तावनच्या दसऱ्याला त्याच्या लॉरीपुढं नारळ फुटला, तेव्हा त्या लॉरीचा क्लीनर कोण होता? हाच भिवाजी. लॉरी यानंच धुतली, खोबरं यानंच वाटलं. पुढं देवाजीनं त्याला शेजारी बसवून गाडी शिकवली, मणभर शिव्या घातल्या, आपल्या डब्यातली भाकर घातली. त्रेसष्टात यशवंतरावांकडं जागा निघाली, तेव्हा "जाय बे, तिकडं पगार जास्त हाये" म्हणून स्वतःच पाठवून दिलं. देवाजी कायम उटनूरच्या बाजूला लाकूड वाहायचा. यशवंतरावांच्या लॉऱ्या तिकडं कधी फिरकल्या नाहीत. म्हणजे त्याला साक्षीदार एकच. आणि त्याची तारीख खरी धरली, की भिवाजी दहाव्या नंबरवरून अकरावा. बदली!

सभा भरली. उद्धवरावांकडचे जुने मुनशी भगवानराव एकेक नाव वाचत गेले. उद्धवरावांकडच्या चौघांना साक्षीदार मिळाले. बेज्जूरच्या बांबू डेपोत या लॉऱ्या वर्षानुवर्षं शेजारी उभ्या राहिलेल्या, सगळे एकमेकांना ओळखत होते. शेवटी देवाजीचं नाव आलं.

"देवाजीसाठी हाये का कोनी साक्ष?"

उठायचं आणि दोन शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. पण घरातली तीन लेकरं डोळ्यांपुढं आली, आणि आमच्या कायदेपंडितानं तोंडात गुळणी धरली. भगवानरावांनी पुन्हा विचारलं. थांबले. कुणीच उठलं नाही. मग सेक्रेटरी म्हणून भिवाजीनंच आपल्या हातानं वहीत लिहिलं, 'साक्ष नाही.' देवाजी उठला. टोपी डोक्यावर ठेवून चालू लागला.

भिवाजीला लॉरी मिळाली. पण गिअर टाकायचा तोही देवाजीनं शिकवलेला! दर चढावर त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बायको पंचफुला एकदाच म्हणाली, "नारळ फुटला तवा तुमी तं व्हते ना तथी?" त्यानं ताट बाजूला सारलं.

तीन महिने तो तोंड चुकवत फिरला. बाजारात देवाजी दिसला, की हा समोर दिसेल त्या दुकानात शिरायचा. शेवटी राहवेना. गेला देवाजीच्या घरी आणि दारातच उभा राहिला.

"उस्ताद, मी व्हतो तथी. मी बोललो नाही. चला, आत्ताच्या आत्ता भगवानरावले सांगतो."

"यादीवर सह्या झाल्या, बाबू. आता काय सांगतं? बस."

"मले शिव्या तरी द्या."

"शिव्या गाडी शिकवतानी देल्या, पुरे झाल्या." देवाजीनं खाटेवर त्याच्यासाठी जागा केली. मग खाली बघत हळूच म्हणाला, "भगवानराव आदल्या दिवशी आले व्हते माह्याकडं. म्हने, भिवाजीचं नावच पुकारतो, मंग त्याले उठाच लागंल. म्या म्हनलं, पुकारू नका. माह्या हाताखालचा मानूस हाये तो. सोताहून उठते."