सालीच्या कापडाच्या दोन बाजू

आमच्या टोंगा बेटांवर आत्या म्हणजे घरातली सगळ्यात वरची. मी आले की माझा भाऊसुद्धा सावरून बसतो. त्याची मुलगी फुसी मात्र मला घाबरत नाही आणि म्हणूनच ती माझी लाडकी आहे.

शाळेच्या शेवटच्या वर्षी चित्रकलेच्या परीक्षेसाठी बाकीच्या मुलींनी कासवं घेतली, नाच घेतले. फुसीने घेतली फोनच्या पडद्यावरची चित्रं. फोनमध्ये तोंड खुपसून बसायचेही आता मार्क मिळतात का, असं मी विचारलं. मिळतात, पण नुसतं बसून नाही, असं उत्तर आलं.

तिचा थोरला भाऊ सिओसाया फळं तोडायच्या कामाला ऑस्ट्रेलियात गेला होता. रविवारी चर्चमधून येऊन जेवणं उरकली की सगळं घर फोनभोवती जमायचं. बोलता बोलता त्याचा चेहरा अडकायचा, त्याचे चौकोन व्हायचे, आणि आम्ही फोनला शिव्या घालायचो. फुसी नेमकी ती अडकलेली चित्रं जपून ठेवायची. एकदा तिने ती माझ्यापुढे ओळीने मांडली. सगळी हसू यायच्या आधीची होती. डोळे खोल गेलेले, दर रविवारी जरा जास्तच. मी मजेत आहे, असं तो सांगायचा आणि आम्ही माना डोलवायचो. त्या एवढ्या गर्दीत खरं बघत होती ती एकटी फुसी. मला तिचा फार अभिमान वाटला.

मग सिओसाया सुट्टीवर आला आणि नवीन वर्षात पुन्हा जाणार म्हणाला. घर खूश. फुसी तेवढी माझ्याकडे आली.

"आत्या, तो जायच्या आत त्याने ही चित्रं बघायला हवीत."

"मग तोंडाने सांग ना."

"सांगितलं तर हसून उडवील. बघितल्यावर नाही उडवता येणार."

अडचण वेगळीच होती. आमच्याकडे मोठे झालेले बहीणभाऊ एका खोलीत बसून सिनेमासुद्धा बघत नाहीत. एकमेकांचा मान राखायचा असतो. आणि चित्रकलेच्या वेआ सरांचा नियम असा की शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना चित्रं दाखवताना मुलीने स्वतः उभं राहायचं. परीक्षेच्या दिवशी सिओसायाने हॉलमधली बाकं उचलून लावली आणि बाहेर झाडाखाली जाऊन बसला. तिची आई माझ्या मागे लागली, एवढ्या वेळेपुरती परवानगी द्या. मी नाही म्हटलं. मी परवानगी दिली म्हणून त्या लाजऱ्या पोराची मान वर होणार होती थोडीच?

फुसी म्हणाली, "परवानगी नको. तुझं ते कापड दे."

झाडाची साल कुटून केलेलं, अजून न रंगवलेलं, पातळ कापड मी राखून ठेवलं होतं.

"ते तुझ्या लग्नासाठी आहे."

"मग माझंच झालं की."

हजरजबाबी कार्टी. दिलं मी.

तिने ते हॉलच्या मधोमध आडवं टांगलं. एका बाजूला प्रोजेक्टर, ती, परीक्षक आणि आम्ही बायका. दुसऱ्या बाजूला पुरुषमंडळी. त्यांच्यात तिच्या बापाने सिओसायाला आणून बसवलं. उजेड कापडातून आरपार जात होता. चित्र दोन्हीकडे दिसत होतं, बहीणभाऊ मात्र एकमेकांना दिसत नव्हते.

पहिल्या चेहऱ्याला पलीकडे हशा पिकला. दुसऱ्याला कमी. पुढे कुणी हसलं नाही. सालीचे धागे त्या मोठ्या चेहऱ्यावर सुरकुत्यांसारखे दिसत होते.

"फुसी," पलीकडून सिओसायाचा आवाज आला, "तुला तेव्हाच दिसत होतं?"

"हो."

"मग कुणाला बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

पलीकडे नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग तो म्हणाला, "मला तिथे नाही गं झेपत."

समोरासमोर हे तो जन्मात बोलला नसता. मी उठले आणि कापडाच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, हा मुलगा यंदा कुठेही जाणार नाही. आत्याच्या शब्दापुढे आमच्यात कुणी बोलत नाही. परीक्षकही बोलले नाहीत.