भिंतीपलीकडचा मोहर

देवास गाव एकच, पण तेव्हा त्यात राज्यं दोन होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची ही बाजू एका महाराजांची, ती बाजू दुसऱ्यांची. बाहेरगावच्या पाहुण्याला हे ऐकून हसू येई, देवासकरांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. दत्तोपंतांना तर मुळीच नाही. ते थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकून होते, आणि त्यांच्या परसामागची गल्ली धाकट्या पातीत मोडत होती. गल्लीपलीकडचे तात्यासाहेब धाकट्या पातीचे कारकून. दोघेही टेकडीवरच्या एकाच देवीला हात जोडत, पण वीस वर्षांत एकाने दुसऱ्याचा उंबरठा ओलांडला नव्हता. भांडण म्हणावं तर तेही नाही. हद्द म्हणजे हद्द, एवढंच.

या दत्तोपंतांच्या पत्नी जानकीबाई. माहेर रत्नागिरीकडचं. बारा वर्षांपूर्वी त्यांचे वडील लेकीला भेटायला आले ते ओल्या गोणपाटात आंब्याचं कलम गुंडाळून. आगबोट, आगगाडी आणि शेवटी इंदुरापासून बैलगाडी. वाटेत म्हातारा स्वतः तहानलेला राहिला, पण कलमाला पाणी पाजत आला. स्वतःच्या हाताने त्यांनी ते परसाच्या भिंतीशी लावलं. पुढच्या वर्षी ते वारले. झाड वाढलं, भिंतीवरून पलीकडे झुकलं, पण परसाच्या अंगाला कधी एक कैरी धरली नाही.

चैत्रगौरीच्या दिवसांत जानकीबाई हळदीकुंकवाला घरोघरी जात, आणि कुंकवापेक्षा त्यांचं लक्ष बागांकडे अधिक. कुणाचा मोगरा कळ्यांनी भरलाय, कुणाच्या शेवग्याला यंदा शेंगाच नाहीत, कुणी विहिरीजवळचं डाळिंब काढून विलायती गुलाब लावलाय, सगळं त्यांना पाठ. आणि दरवर्षी कुणीतरी विचारणारच, "जानकीबाई, तुमचं कलम अजून सोवळ्यात का?" बायका हसत. जानकीबाईही हसत आणि उसन्या कैऱ्या पदरात बांधून घरी येत. घरी आल्यावर मात्र त्या हसत नसत.

शके अठराशे अठ्ठावीस सरता सरता दत्तोपंतांनी गाय घेतली आणि गोठ्याला जागा हवी झाली.

"या चैत्रात कैरी धरली तर ठीक, नाहीतर झाड काढायचं," ते माघातच म्हणाले होते. चैत्र लागला. परसात पानंच पानं. दत्तोपंतांनी लाकूडतोड्याला उद्या सकाळी ये म्हणून सांगून टाकलं. जानकीबाईंनी ऐकलं, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुपारी दारात एक कोवळी सून कुंकवाचा करंडा घेऊन उभी. तात्यासाहेबांची सरला. माघात लग्न होऊन धारहून आलेली. हद्दीपलीकडे जायचं नसतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"काकू, आज आमच्याकडे हळदीकुंकू आहे. यायचं हं!"

एरवी जानकीबाईंनी काहीतरी सबब सांगितली असती. पण आज त्यांचं मन इतकं कडू झालं होतं, की हद्द गेली चुलीत म्हणून त्या निघाल्या.

वळसा घालून त्या मागच्या गल्लीत शिरल्या, वीस वर्षांत पहिल्यांदाच. आणि पाहतच राहिल्या. इथे अख्खी निराळी बाग होती! कडुलिंबाला तांबूस पालवी, कुंपणावर जाई, मोरीच्या पाण्यावर पोसलेलं हातभर पानांचं अळू. एवढं सगळं आपल्या पाठीशी होतं आणि आपण समोरच्याच बागा मोजत बसलो, याचा त्यांना मनापासून राग आला. दरवर्षी फाल्गुनात भिंतीपलीकडून मोहराचा वास येई, तेव्हा त्या तात्यासाहेबांच्या आंब्याचा हेवा करीत. तो आंबा कुठे दिसतोय का, म्हणून त्यांनी त्यांच्या अंगणात डोकावून पाहिलं. आंबा नव्हताच.

हळदीकुंकू झालं. सरलेने हातावर कैरीची डाळ ठेवली. जानकीबाईंनी घास तोंडात घातला आणि तो तसाच राहिला. हा वास माळव्यातल्या गावठी कैरीचा नव्हे. हा वास त्यांच्या माहेरच्या अंगणाचा होता.

"सरला, कैरी कुठली गं?"

"ही काय, गल्लीतली! त्या भिंतीवरून फांदी लोंबते ना, तिची. सासूबाई म्हणतात, तीन वर्षं धरतेय. फांदी धाकट्या पातीत, म्हणजे आपलीच."

जानकीबाई उठल्या त्या तडक गल्लीत. येताना पाठीशी राहिलेली भिंत आता समोर होती. भिंतीवरून, गल्लीतल्या भर उन्हात, फांदी खाली झुकली होती, आणि तिला घोसांनी कैऱ्या लागल्या होत्या. परसात घराची सावली, म्हणून झाडाने ऊन शोधत पलीकडे हात पसरला होता. जानकीबाई भर गल्लीत रडल्या, आणि रडता रडता हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकूडतोड्या आला तेव्हा त्यांनी दत्तोपंतांना पगडीसकट गल्लीत आणून उभं केलं. दत्तोपंतांनी वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि त्यांच्यातला कारकून जागा झाला.

"अगं, पण ही फांदी दुसऱ्या संस्थानात आहे. हे फळ आपलं कसं म्हणता येईल?"

"नका म्हणू," जानकीबाई म्हणाल्या. "त्यांचं म्हणा. मग त्यांच्या फांदीचा बुंधा तोडायला त्यांच्या दरबाराचा हुकूम लागेल. मागवायचा का?"

आवाज ऐकून तात्यासाहेब ओट्यावर आले होते. ते म्हणाले, "दत्तोपंत, असा हुकूम आमच्याकडून निघायला तीन पिढ्या जातील. तोवर कैऱ्या काढायला शिडी देऊ का?"

"कईं करूं साब, काटूं के नी?" लाकूडतोड्याने आपल्या माळवीत विचारलं.

"नी!" दत्तोपंत आणि तात्यासाहेब एकदमच ओरडले.

गोठा पुढे विहिरीकडे झाला. परसाच्या भिंतीत दत्तोपंतांनी एक लहानसं दार पाडून घेतलं. कशासाठी, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

त्याच चैत्रातल्या शुक्रवारी जानकीबाईंकडे दोन्ही पातींच्या बायका जमल्या. डाळ घरच्या कैरीची, पन्हंही घरचंच. सोवळ्याची थट्टा करणारीने तीनदा डाळ मागून घेतली, आणि जानकीबाईंनी तिन्ही वेळा भरघोस वाढली. पण पहिली कैरी त्यांनी सकाळीच, कुणी यायच्या आधी, गौरीपुढे ठेवली होती.

"बाबा," त्या म्हणाल्या होत्या, "तीन वर्षं झाली आंबा धरून. मीच मेली बघायला आले नाही."