बायकांच्या केबिनचं कुलूप

कळंबजवळच्या पुलाच्या कामावर दीड वर्षासाठी भाड्याने संडासाच्या केबिनी आणायच्या होत्या. साइटवर बाई इंजिनियर मी एकटीच, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. बाकीच्यांना पुलाचे खांब आणि मला संडास. राग आला, पण मग इरेला पेटून मी नकाशा केला. पुरुषांच्या चार केबिनी, बायकांची एक, मैला उपसणारा टँकर आठवड्यातून दोनदा, त्याचा पाइप पोचेल एवढ्याच अंतरावर सगळं. पुरुष घुसून घाण करतील म्हणून बायकांच्या केबिनला बाहेरून कुलूप आणि चावी स्टोअरकीपरकडे, ही अक्कलही माझीच. दुसरी चावी मी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

कामावर दहा-अकरा बायका होत्या, भात काढून झाल्यावर आंबेगावच्या डोंगरातून उतरलेल्या. महिना झाला तरी त्यांची केबिन आली तशी लख्ख होती. तिचा फोटो मी बैठकीत दाखवला आणि शाबासकी घेतली. ती एवढी लख्ख का, हा प्रश्न मला पडलाच नाही.

मग एके दिवशी मी राजुरीच्या घरून निघताना पर्स बदलली. चावी जुन्या पर्समध्ये राहिली, ते दुपारी घाईची लागली तेव्हा कळलं. घरी जाऊन यायचं तर दोन तास. स्टोअरच्या कंटेनरमध्ये गेले, तर सात-आठ जण डबे उघडून जेवत बसलेले. स्टोअरकीपर भला माणूस. हातातली भाकरी खाली ठेवून म्हणाला, "काय पायजे, म्याडम?"

चावी हा शब्द तोंडाशी आला आणि तिथेच अडकला. सगळे माझ्याकडेच बघताहेत असं मला वाटलं. बघत नसतीलही.

"सिमेंट किती उरलंय?" मी विचारलं. त्याने सांगितलं ते वहीत लिहून घेतलं आणि बाहेर आले.

केबिन समोर होती. नकाशा माझा, कुलूप माझं, आणि मी बाहेर पाय आवळून उभी. स्वतःची एवढी चीड मला कधी आली नव्हती. आत परत जायचा धीर होईना आणि उभं राहणंही होईना.

बायकांमधली सगळ्यात वयस्कर मावशी घमेलं घेऊन चालली होती, मागे आणखी दोघी. तिने माझा चेहरा बघितला. "चला म्याडम, आमी तिकडंच चाललोय."

तिकडं म्हणजे उसात. त्याच आठवड्यात पलीकडच्या मेंढपाळाचं मेंढरू बिबट्याने उचललं होतं. त्या दोघी पाठ करून उभ्या राहिल्या, मावशी दगडाने घमेलं वाजवत राहिली. पाचटात जरा खसफस झाली की मी अर्धवट उठायचे.

"रोज इथंच येता?" परत येताना मी विचारलं.

"मग कुठं?"

"भीती नाही वाटत?"

"वाटती की. पर वाघाकडं चावी मागावी लागत न्हाई."

मी तडक स्टोअरमध्ये गेले. जेवणं अजून चालली होती. "बायकांच्या संडासाची चावी द्या," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं. स्टोअरकीपरने मान खाली घालून चावी दिली.

कुलूप काढून मी ते चावीसकट केबिनपाशी थांबलेल्या मावशीपुढे धरलं. "हे आता तुमच्याकडेच ठेवा."

तिने हात पुढे केला नाही. दार ढकलून आत डोकावली, आतली कडी दोनदा लावून बघितली.

"आतून कडी हाय न्हवं? मंग भाईरून कुलूप कुणासाठी?"

ती आत गेली, कडी लागली. मी कुलूप हातात धरून, दाराकडे पाठ करून उभी राहिले.