आडवाटेला पूर्ण गुण

मध्यंतरी काही दिवस बहारीनची विमानं बंद राहिली आणि माझ्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. आमच्या बिल्डिंगमधल्या इतरांनी काय केलं? कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, तांदळाची एक पिशवी जास्तीची आणली आणि खुशाल क्रिकेट बघत बसले. मला ते जमलं नाही. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर मी मेंटेनन्स बघतो. या बेटावरच्या नळाला येणारं पाणी किती पंपांच्या जिवावर येतं, ते मला चांगलंच ठाऊक आहे. आणि सनद भागातल्या आमच्या फ्लॅटात, फ्रिजच्या दारातल्या लोण्याच्या कप्प्यात, मुलीचं इन्सुलिन असतं.

मुलगी चौदा वर्षांची आहे. नवव्या वर्षी तिला टाइप वन डायबिटिस निघाला. दिवसातून चार वेळा टोचून घ्यावं लागतं. ते मिळालं नाही तर ती थोडेच दिवस काढू शकेल, हे डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं. हे वाक्य मी घरात पुन्हा कधी उच्चारलं नाही. त्याऐवजी मी एक्सेल शीट उघडली.

शीटमध्ये महाराष्ट्रातले अकरा तालुके घेतले. बारमाही पाणी, माती, सरपण, शेजार, हायवेपासूनचं अंतर, शहरापासूनचं अंतर, प्रत्येकाला दहापैकी गुण. आडवाट नावाचा एक वेगळा रकाना होता. जग बिघडलं तर त्याची झळ जिथे सगळ्यात उशिरा पोचेल, त्या तालुक्याला त्यात जास्त गुण. शिफ्ट संपली की मी पार्किंगमध्येच गाडीत बसून तलाठ्यापासून दूधवाल्यापर्यंत कुणाकुणाला फोन लावायचो. बायको म्हणायची, पोरीचं लग्न ठरवतानासुद्धा तू इतक्या चौकशा करणार नाहीस.

तिचा प्रश्न साधा होता. इथे हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, मग तुला काय खुपतंय? माझं उत्तरही तयार असायचं. जहाज आलं नाही तर हॉस्पिटलच्या फार्मसीत तरी काय असणार? तिकडे आपलं पाणी, आपलं धान्य, सहा महिन्यांचं इन्सुलिन आणि सोलरवर चालणारा फ्रिज. फ्रिज बिघडला तर मातीचं मडकं. हे सगळं मी शांतपणे सांगायला सुरुवात करायचो आणि दोन मिनिटांत माझा आवाज चढायचा. मग मीच चिडून गाडी काढायचो, हमद टाउनचे राउंडअबाउट एकामागून एक पार करायचो आणि काहीही न घेता घरी यायचो. घरात बसवत नव्हतं, हे खरं कारण.

जुलैत शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही तिघं शीटमध्ये पहिला आलेला तालुका बघायला गेलो. सह्याद्रीच्या कुशीतला, दिवसातून दोन एसट्या येणारा. झरा होता. विहीर काठोकाठ भरलेली होती. बायको म्हणाली, जुलैत कुणाची विहीर रिकामी असते? तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं. आखातातल्या आम्हा लोकांना रजा जुलैतच मिळते, म्हणून आम्ही सगळे हिरवीगार जमीनच पसंत करून येतो, हे मलाही कळत होतं. पण भाताची खाचरं, गोठ्यातली गाय, बांधावरचा फणस हे सगळं मी शीटमध्ये इतक्या वेळा मांडलं होतं, की प्रत्यक्ष बघताना मी फणसाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी घाटात दरड कोसळली. रस्ता तिसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत बंद. एसटी खालच्या गावातच थांबली. जमीन विकणारे काका, ज्यांच्याकडे आम्ही उतरलो होतो, ओशाळले, पावसाळ्यात हे चालायचंच म्हणाले. मी मात्र ओसरीवर बसून फोन काढला आणि आडवाटेच्या रकान्यात दहापैकी दहा लिहिले. चहा देता देता बायकोने ते वाचलं आणि आत गेली. मुलगी तेव्हा गावात घरोघरी औषधं पोचवणाऱ्या आशाताईंबरोबर फिरायला गेली होती. परत आली, शुगर तपासली, टोचून घेतलं, आणि कसं वाटलं विचारल्यावर "नाइस" म्हणाली.

बहारीनला परतल्यावर मी इथल्या आली गावच्या कुंभारांकडून एक मडकं आणून बाल्कनीत ठेवलं, आत थर्मामीटर सोडला. ऑगस्टच्या दमट हवेत मडकं कसलं गार होणार! मला उलट आनंदच झाला. बहारीनच्या नावावर आणखी एक उणा गुण.

शाळा सुरू झाल्यानंतरच्या एका शुक्रवारी दुपारी काकांचा फोन येणार होता. माझ्याकडे शेतकरी असल्याचा दाखला होता, कागद बघून झाले होते, फक्त हो म्हणायचं बाकी होतं. बायकोने विरोध करणं सोडलं होतं. मी फोन हातात धरून हॉलमध्ये येरझारा घालत होतो. मुलगी जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊन इंजेक्शनच्या पेनाची टोपी लावत होती. एरवी आम्ही मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. त्या दिवशी ती अडखळत मराठीत बोलली.

"बाबा, मी त्या आशाताईंना विचारलं होतं, इथे माझ्यासारखं कोणी आहे का."

मी थांबलो.

"एक मुलगी होती म्हणाल्या. सातवीत. पावसात दरड पडली, रोड बंद झाला. तिचं इन्सुलिन खाली तालुक्याला होतं. ती गेली, बाबा."

माझं तोंड आपोआप उघडलं. आपल्याकडे सहा महिन्यांचा साठा असणार आहे, मी म्हणालो.

"आणि सातव्या महिन्यात?"

ती भांडत नव्हती. गणितातली शंका विचारावी तसं विचारत होती. दोन वर्षांत भरलेल्या त्या शीटमध्ये सातवा महिना कुठेच नव्हता. लाज वाटली, आणि त्या लाजेहून जास्त भीती वाटली. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. आम्हाला जमणार नाही, एवढंच मी कसंबसं सांगितलं. ते काहीतरी समजावत होते, ते पुरतं ऐकलंही नाही.

मग मी तिच्याशेजारी बसलो. दीड महिना होऊन गेला होता. हे तू तिथेच का सांगितलं नाहीस, एवढे दिवस मनात ठेवून काय करणार होतीस, असं विचारलं. तिने पेन डब्यात ठेवलं.

"यायला तयार झाले होते मी," ती म्हणाली. "इथे तू रात्रभर हॉलमध्ये चालत असतोस. मला माझ्या रूममध्ये ऐकू येतं. तिथे तुला झोप लागली होती."